चिठ्ठीशिवाय येणारी माणसं

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचे, तिथे खिडकीशी येणारा प्रत्येकजण हातात इंडेंटची चिठ्ठी घेऊन यायचा. चिठ्ठीवर पार्ट नंबर, किती नग, कुठल्या लाइनला हवेत ते आणि खाली सुपरवायझरची सही. मी बिन कार्ड, म्हणजे त्या मालाच्या शिल्लकीची नोंद असलेलं कार्ड, काढायचे, माल द्यायचे, शिल्लक उतरवायचे. समोरच्याला काय हवंय यावर डोकं चालवायची वेळच येत नसे, कारण ते लिहूनच आलेलं असे.

आता मी ज्या वाचनालयात काम करते, तिथल्या देवघेव खिडकीशी माणूस मोकळ्या हातानं येतो. "ताई, काहीतरी चांगलं द्या." "कायद्याचं काही आहे का हो?" "नातीला वाचायला हवंय." पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही, कधीकधी विषयसुद्धा धड नाही. खरं काम तिथून पुढे सुरू होतं आणि ते मला मनापासून आवडतं. नोकरी बदलली म्हटल्यावर नात्यातल्या आणि जुन्या कारखान्यातल्या बायका दोनच प्रश्न विचारतात, पगार किती आणि दिवसभर करतेस काय. पहिल्याचं उत्तर खाली देणारच आहे. दुसऱ्याचं मोठं आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी थोडं माझ्याविषयी. मी नाशिकरोडची. वडील सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. रविवारी सकाळी ते मला सायकलवर पुढे बसवून वाचनालयात न्यायचे. स्वतः पेपर वाचायचे आणि मला बालविभागात सोडायचे. पुढे बी.कॉम. झाले, सातपूरला स्टोअरमध्ये लागले आणि तिथेच रमले. हिशेब जुळला की समाधान वाटायचं, ते आजही वाटतं. मग कंपनीनं स्टोअर चाकणला हलवायचं ठरवलं. मलाही बोलावणं होतं, पगारही वाढणार होता. मुलगी नववीत होती आणि सासूबाईंचे गुडघे दुखत होते, तेव्हा घर हलवायचं म्हणजे सगळ्यांचंच हलणार. आमच्या भागातल्या वाचनालयात मी तेव्हा रविवारी दाखल नोंदवही लिहायला मदत करत होते. तिथले ग्रंथपाल निवृत्तीला आलेले. एका रविवारी ते म्हणाले, "पदवी आहेच तुमची. ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करून टाका आणि मंडळाकडे अर्ज द्या."

नाशिककरांना यासाठी लांब जावं लागत नाही. गंगापूर धरणाच्या रस्त्याला गोवर्धनला आपलं मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ साली सुरू झालेलं. कुठल्याही शाखेची पदवी असली की बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, बसता येतं. अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशी तासिका आणि बाकी घरी पुस्तकं वाचून अभ्यास. सासूबाई म्हणाल्या, "तू जा क्लासला, भाकरीचं मी बघते." यांनीही हप्त्यांचा हिशेब मांडून पाहिला आणि जमेल म्हणाले. वर्गात सिन्नरच्या शाळेतला एक लिपिक होता, पेठकडची एक मुलगी होती, बाळ सासरी ठेवून येणारी एक बाई होती. चाळिशीतली मी एकटी नव्हते, हे पहिल्याच दिवशी दिसलं.

सगळ्यात जास्त जीव लावला तो वर्गीकरणाला. अमेरिकेतल्या मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली सगळ्या विषयांची दहा गटांत विभागणी केली, प्रत्येक गटाचे पुन्हा दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. ६०० म्हणजे तंत्र आणि उपयोजित शास्त्रं, ६३० शेती, ६३४ फळबागा, ६३४.८ द्राक्षं. पार्ट नंबरांत आयुष्य गेलेल्या बाईला हे लगेच पटलं. पण त्यातली मेख पुढे आहे. द्राक्षबाग लावायचं पुस्तक ६३४.८ला जातं, त्याच द्राक्षाचा बेदाणा करायचं ६६४.८ला आणि वाइन करायचं ६६३.२ला. म्हणजे वेलीवरचा एकच घड, आणि माणूस त्याचं काय करणार यावर फळी बदलते.

हे कागदावर शिकले तेव्हा परीक्षेपुरतं वाटलं होतं. वाचनालयात लागल्यावर पहिल्याच द्राक्षहंगामात दिंडोरीकडचा एक तरुण आला, "मॅडम, द्राक्षाचं पुस्तक द्या" म्हणाला. फळीवर होती ती सगळी बागेची: एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, केवडा-भुरीसारखे रोग, फवारण्यांची वेळापत्रकं. ती त्याच्या वडिलांना तोंडपाठ असणार. विचारलं, "बागेसाठी हवंय की दुसऱ्या कशासाठी?" तेव्हा तो मोकळा झाला. व्यापाऱ्यानं भाव पाडला होता, माल वेलीवर होता आणि घरी बेदाणा करता येईल का ते बघायचं होतं. माझ्याकडे त्या विषयावर मराठीत धड एकही पुस्तक नव्हतं. फळप्रक्रियेच्या एका जाड पुस्तकात एक प्रकरण सापडलं, ते दिलं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी कर म्हणून कागदावर लिहून दिलं. आणि बेदाण्याचं पुस्तक त्याच आठवड्यात खरेदीच्या यादीत घातलं. एका प्रश्नानं फळी बदलते म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

डॉ. रंगनाथन यांच्याविषयी इथे सांगायलाच हवं. आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया त्यांनी घातला. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन असतो. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे. १९२४च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच त्या शांततेला कंटाळले. विद्यार्थ्यांची सवय, इथे नुसती कपाटं. मला परत शिकवायला जाऊ द्या, म्हणून ते सांगायला गेले. त्यांना म्हणण्यात आलं, आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, मग नको वाटलं तर बघू. तिकडे त्यांनी शंभरावर ग्रंथालयं पाहिली. लोकांना ग्रंथालय किती उपयोगी पडू शकतं ते डोळ्यांनी पाहिलं आणि परत आले ते ग्रंथपाल म्हणूनच. पेशा बदललेल्या माणसानं हा पेशा घडवला, याचा मला फार आधार वाटला. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचताना तर जास्तच.

१९३१ साली त्यांनी पाच सूत्रं मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पाठ करायला दोन मिनिटं लागतात. पाळायची म्हटली तर पहिल्याच सूत्राशी रोज गाठ पडते.

आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्यानुसार अनुदान मिळतं. नाशिकला वाचनालयांची परंपरा जुनी. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. आमचं त्यामानानं लहान, पण लोक जिव्हाळ्याचे. पहाटे फिरून येणारी ज्येष्ठ मंडळी 'गावकरी', 'देशदूत' उघडून बसतात. अभ्यासिकेत एमपीएससीची मुलं सकाळी येतात ती रात्री दिवे मालवेपर्यंत हलत नाहीत. ही मुलं आमची पुस्तकं घेत नाहीत, स्वतःची आणतात. त्यांना टेबल, पंखा आणि शांतता हवी असते. काही सभासदांना ते खटकतं. मला नाही खटकत. दोन खोल्यांत पाच-सहा माणसं राहतात तिथे अभ्यास कुठे करायचा?

मी आले तेव्हा पुस्तकं दाखल क्रमांकानं लावलेली होती, म्हणजे ज्या क्रमानं विकत घेतली त्या क्रमानं. लहान वाचनालयांत हे सर्रास दिसतं. वहीशी ताडून साठा मोजायला सोपं जातं. स्टोअरच्या दृष्टीनं निर्दोष पद्धत, पण वाचकाला काडीचा उपयोग नाही. मधुमेहावरचं एक पुस्तक पहिल्या कपाटात, दुसरं नवव्यात. मग बालविभाग आणि माहितीपर पुस्तकं ड्यूईच्या क्रमानं लावायला घेतली आणि कथा-कादंबऱ्या लेखकाच्या आडनावानं. तिथे नाशिकच्याच माणसापाशी अडले. कविता 'कुसुमाग्रज' या नावानं, नाटकं 'वि. वा. शिरवाडकर' या नावानं. कवितांच्या फळीवर क, नाटकांच्या फळीवर श. मोठ्यांना माहीत असतं, पण आठवीतल्या मुलाला हे दोघे एकच आहेत हे कसं कळणार? २७ फेब्रुवारी आला की शाळेची मुलं रांगेनं येतात आणि प्रत्येकाला 'कुसुमाग्रजांचं नाटक' हवं असतं. तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, दोन्ही नावांना एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी केल्या आणि फळ्यांवरही तशा पट्ट्या लावल्या. वर्गात याला साधा 'हेही पाहा' नोंदींचा धडा म्हणतात. आमच्याकडे मुलांचा वेळ त्यामुळे वाचतो.

आता कायद्याच्या पुस्तकाची गोष्ट, जिच्यामुळे माझं काम मला नीट समजलं.

भाद्रपदातल्या एका दुपारी पन्नाशीतल्या एक काकू आल्या. सभासद नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "कायद्याचं काही मिळेल का वाचायला?" मी खिडकीतून उठून बाहेर बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसले, कारण मागे दोघं उभे होते आणि त्यांना ते ऐकू जायला नको होतं. "कशासंबंधी हवंय काकू?" थोड्या वेळानं निघालं ते असं: निफाड तालुक्यात माहेरची वडिलोपार्जित जमीन, वडील गेलेले, भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत होते. भावांशी भांडण नव्हतं. "सही करीनही मी," त्या म्हणाल्या, "पण कशावर करतेय ते कळू तर दे."

वारसा कायद्याचं एक मराठी पुस्तक फळीवर होतं. द्यायला हातात घेतलं आणि सवयीनं छापल्याचं साल पाहिलं. स्टोअरमध्ये मुदत संपायची तारीख बघायची सवय होती ती. साल १९९८. महाराष्ट्रानं १९९४ साली आपल्यापुरती दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. पुस्तकात तसंच छापलेलं होतं. काकूंचं लग्न त्याच्या आधीचं. ते पान वाचून त्या घरी गेल्या असत्या तर आपला काही हक्कच नाही असं समजून बसल्या असत्या. पण २००५ साली केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली, लग्न झालेल्या मुलींनाही हक्क मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायला हवेत असं नाही.

म्हणजे आमच्या फळीवरचं पुस्तक त्या बाईला खोटं सांगत होतं. छापलं तेव्हा खरं होतं, आता नव्हतं.

मी वकील नाही आणि जुनी वाटणी झाली असली तर गोष्ट वेगळी असू शकते, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. सल्ला देणं माझं काम नाही. विश्वासार्ह माहितीपर्यंत नेऊन पोचवणं आहे. दुरुस्तीनंतरचं एक पुस्तक मोठ्या वाचनालयात होतं, ते त्यांना वाचायला मिळेल अशी व्यवस्था केली. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि तिथे बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळू शकतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. पत्ता लिहून दिला. पुढे त्यांनी सही केली की नाही मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, विचारूही नये. काय वाचायला नेलं आणि का, हे खिडकीपाशीच राहिलं पाहिजे.

त्या संध्याकाळी कायद्याची सगळी फळी उतरवून सालं तपासली. पुस्तक बाद करायचं तर कार्यकारी मंडळाची मंजुरी लागते. बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, चांगल्या बांधणीची पुस्तकं फेकायची कशाला. त्यांचंही खरं होतं. त्यांनी उभ्या आयुष्यात देणग्या गोळा करून ही कपाटं भरलीत. मी काकूंचं नाव-गाव न सांगता फक्त ते पान वाचून दाखवलं आणि खाली २००५ची दुरुस्ती. ठराव मंजूर झाला. पुस्तकांची संख्या कमी झाली की वाचनालयाचा 'ब' वर्ग टिकवायची काळजी असते, म्हणून खरेदीत तेवढी नवी पुस्तकं घ्यायची हेही त्याच बैठकीत ठरलं.

सगळेच प्रश्न एवढे जड नसतात. पत्नी गेल्यावर एकटे राहणारे एक आजोबा सोपं स्वयंपाकाचं पुस्तक मागायला आले होते. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं ज्याला स्वयंपाक येतो त्याच्यासाठीच लिहिलेली: चवीपुरतं मीठ, अंदाजानं पाणी, नेहमीसारखी फोडणी. त्यांना एका वाटीला किती पाणी हे हवं होतं. शोधून शोधून वसतिगृहातल्या मुलांसाठी लिहिलेलं एक पातळसं पुस्तक निघालं. त्यांनी दोनदा मुदत वाढवून घेतली.

आता पगार. कारखान्यातल्या पगाराच्या निम्म्याहून कमी. सार्वजनिक वाचनालयातले आम्ही सरकारी नोकर नव्हे. अनुदान हप्त्यानं येतं, त्यातला ठरलेला वाटा पगाराला जातो आणि हप्ता लांबला की पगारही लांबतो. वेतनश्रेणीची मागणी राज्यभरातले कर्मचारी वर्षानुवर्षं करताहेत, मोर्चे निघतात, निवेदनं जातात. मीही त्यात असते. हजारो गावांत वाचनालय उघडं आहे ते कुणीतरी इतक्या थोड्या पैशांत कुलूप उघडतं म्हणून, आणि हे बरोबर नाही. आमचं चालतं ते यांची पोस्टातली नोकरी आहे आणि घर स्वतःचं आहे म्हणून. ज्या बाईच्या एकटीच्या पगारावर घर चालतं तिला मी हे पाऊल उचल असं सांगणार नाही. तिनं शाळा-महाविद्यालयांकडे बघावं. शाळेत बी.लिब.वर काम होतं, महाविद्यालयात एम.लिब. आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. जागा थोड्या निघतात, पण पगार नियमानं असतो. आणि कोर्सला पैसे भरण्याआधी जवळच्या वाचनालयात महिनाभर रविवारी खिडकीशी बसून पाहा. कुणी नाही म्हणत नाही, हात हवेच असतात. पुस्तकं वाचायला आवडतात एवढ्यावर या कामाला येऊ नका, वाचायला वेळ घरीच काढावा लागतो. अनोळखी माणसाशी बोलायला आवडत असेल तर जरूर या.

सध्या आरोग्याच्या फळीची सालं तपासायला घेतली आहेत. त्यानंतर सरकारी योजनांची आणि शेतीऔषधांची पुस्तकं, कारण बंदी आलेल्या कीटकनाशकाची शिफारस छापलेलं पुस्तक द्राक्षवाल्याच्या हाती पडणं हे वारसा कायद्याइतकंच वाईट. रिकाम्या होणाऱ्या जागा भरायच्या आहेत. नाशिकरोडच्या आसपास राहत असाल आणि घरात कायदा, आरोग्य किंवा शेतीवरची मराठी पुस्तकं वापराविना पडली असतील तर आपापल्या भागातल्या वाचनालयात नेऊन द्या. फक्त आधी पहिलं पान उलटून आवृत्तीचं साल बघा. फार जुनी असतील तर ती कपाटात लावू नका असं तिथल्या ग्रंथपालांना सांगा.